धागा: अंथरुणाला खिळलेल्या माणसाला उभारी कशानं येते? देव, थोर माणसं, की आणखी काही?

मुक्ता_शाहूपुरी
नमस्कार मंडळी. एरवी मी नुसती वाचक असते, आज स्वतःच धागा काढतेय.

माझ्या वडिलांना चैत्रात अर्धांगाचा झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय गेला. वाचा बरीचशी परत आलीय, शब्द अडखळतात, पण डोकं लख्ख आहे. बाबा निवृत्त शिक्षक, हायस्कूलला इतिहास शिकवायचे. अख्खी नोकरी पोरांना 'खचायचं नाही' सांगण्यात गेली आणि आता स्वतः भिंतीकडे तोंड करून पडून असतात. व्यायामाच्या ताई आल्या की डोळे मिटून घेतात. रोज तिन्हीसांजेला हरिपाठ व्हायचा, तोही बंद. एकदा विचारलं तर म्हणाले, "त्याला सांग, मी रजेवर आहे."

भेटायला येणारे उपाय घेऊनच येतात. मावशी सज्जनगडचा प्रसाद ठेवून गेली. चुलत्यांनी चरित्रांचा गठ्ठा आणला. शेजारच्या काकांनी तर ऐकवलं, "महाराज आग्र्याहून निसटले, आणि तुम्ही एवढ्यानं हाय खाल्ली?" बाबा काही बोलले नाहीत. काका गेल्यावर तो गठ्ठा डाव्या हातानं कॉटखाली ढकलला.

तुमच्या घरी असं कुणी पडून होतं तेव्हा खरंच कशाचा उपयोग झाला? नामस्मरणाचा? कुणा मोठ्या माणसाच्या गोष्टीचा? खरं खरं सांगा. छान छान नको.

कंदीपेढा
मुक्ताताई, काळजी करू नका. समर्थांवर भार टाका. बाबांना जरा बसता यायला लागलं की गाडी करून अकरा मारुती करून आणा, सगळे आपल्या सातारा जिल्ह्यातच आहेत. चाफळ, उंब्रज, मसूर, एका दिवसात बरेच होतात. माझ्या आत्याची मान यानंच सुटली.

भडंग
आत्याची मान मारुतीनं सुटली की गाडीतल्या धक्क्यांनी? मसूरच्या बाजूचा रस्ता मला माहितीय.

नास्तिक_नाना (कराड)
ताई, 'छान छान नको' म्हणालात म्हणून लिहितो. आजारी माणसाला थोर पुरुषांची चरित्रं देणं हा आपल्याकडचा सभ्य छळ आहे. चरित्र लिहिलं जातं ते जिंकलेल्याचं. चिकाटी धरूनही जे मातीत गेले त्यांची पुस्तकं कोण काढतो? पडलेल्या माणसाला त्यातून एवढंच कळतं, की ते जमलेले आणि आपण न जमलेले. तुमच्या वडिलांनी गठ्ठा ढकलला ते बरोबरच केलं.

लोणंदची_पायवाट
नाना, तुमचं अर्धं पटलं.

ताई, आमच्या सासऱ्यांचं मांडीचं हाड मोडलं होतं. माळकरी माणूस, वारी चुकली म्हणून देवावर असा रुसवा, की फोटोसुद्धा उलटा करून ठेवायला लावला. आम्ही त्यांना 'म्हणा, म्हणा' केलंच नाही. सासूबाई रोज ठरल्या वेळेला दारात बसून स्वतःपुरता हरिपाठ म्हणायच्या, आतल्या खोलीत जाईल एवढ्या आवाजात. कधीतरी त्या मुद्दाम चुकल्या की अजाणता, देव जाणे, पण आतून ओरड आली, "चरण गाळलंस!"

वारीत आळंदीपासून पंढरपूर किती हे कुणी रोज मोजत नाही. नीरेला स्नान झालं की लोणंद, मग तरडगाव, मग फलटण, मग बरड. पुढचा मुक्काम तेवढा विचारायचा. बाबांशीसुद्धा 'चालायला कधी लागणार' हा विषय काढू नका. 'आज खुर्चीत बसून जेवायचं का' इतकंच विचारा.

चालतेव्हा
मी फिजिओथेरपिस्ट आहे, सांगलीत. (नाव बघून रागावू नका, पेशंटनीच ठेवलंय.)

सगळ्यात आधी एक गोष्ट, बाकी चर्चा नंतर. अर्धांगानंतर नैराश्य येणं फार सामान्य आहे, साधारण तीनातल्या एका रुग्णाला येतं. मेंदूलाच इजा झालेली असते, त्यामुळे ते सगळं 'मनाचा कमकुवतपणा' नसतं. भिंतीकडे तोंड, डोळे मिटणं, आवडीची गोष्ट सोडणं ही लक्षणं जशीच्या तशी डॉक्टरांच्या कानावर घाला. त्यावर औषध असतं. श्रद्धा, चरित्र, जे काय द्यायचं ते औषधाच्या जोडीला द्या, औषधाच्या जागी नको.

दुसरं म्हणजे सुधारणेचा वेग पहिल्या काही महिन्यांत जास्त असतो, म्हणून आम्ही पाठ सोडत नाही. पण 'हात वर करा, दहा वेळा' याचा शिक्षकांना फार कंटाळा येतो, अनुभवानं सांगते. त्यांना काम द्या. माझे एक पेशंट पोस्टात होते, ते पाकिटं लावायला एका पायावर तयार. अक्षरशः एका पायावर.

मुक्ता_शाहूपुरी
चालतेव्हा ताई, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. उद्याच डॉक्टरांना फोन करते.

हळदीचं_पोतं
मी सांगलीत व्यापारी पेठेत. २०१९ ला आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, धोक्याची खूण ४५ ला. दुकानात माल होता त्याचं काय झालं ते माझं टोपणनाव वाचून ओळखा. ओली हळद किती वास मारते ते पेठेतल्या माणसालाच माहीत. घाण उपसून झाल्यावर मी बरेच दिवस शटर उघडलंच नाही. गणपतीला जायचो, हात जोडायचो, परत येऊन पडायचो.

तेव्हा मलाही आग्र्याची सुटका ऐकवणारे भेटले. ती गोष्ट पेटाऱ्यांची, वेषांतराची, थरारक. पडलेल्या माणसाला थरार नको असतो. मला उपयोगी पडला तो त्याच्या आदल्या वर्षीचा पुरंदरचा तह. १६६५. तेवीस किल्ले द्यावे लागले, चार लाख होनांचा मुलूख गेला. हाताशी राहिले बारा किल्ले आणि एक लाख होनांचा मुलूख. शाळेत आपण तेवीस पाठ करतो, बारा कुणी विचारत नाही. गेलेले किल्ले परत घ्यायला सुरुवात झाली १६७० ला. मधली वर्षं, त्यात आग्र्याचं संकटही आलं, राहिलं ते सांभाळण्यात आणि नीट लावण्यात गेली.

मी वहीत एका बाजूला गेलेलं लिहिलं, दुसऱ्या बाजूला राहिलेलं. वजनकाटा, दोन कामगार, तासगावकडचे तीन जुने शेतकरी जे उधार माल घालायला तयार होते, आणि बायको. (ती म्हणाली, मला काट्याच्या खाली का लिहिलं.) २०२१ ला पाणी परत आलं, तेव्हा निदान माल आधी हलवला होता.

नाना, जिंकलेल्याचं चरित्र असलं तरी त्यात हरलेली पानं असतात. आपणच ती भराभर उलटतो.

नास्तिक_नाना (कराड)
पोतेराव, मुद्दा मान्य. वही आवडली. बायकोची जागा बघून धक्का बसला.

तांबडी_माती
नाना, तुमी कराडचं आन् खाशाबा जाधव इसरला व्हय? गोळेश्वर तुमच्या उशाला हाय की. १९४८ ला लंडनला गेलं तर सहावा नंबर. मातीतला पैलवान, गादीवरच्या कुस्तीची सवयच न्हवती. परत आलं, पुन्यांदा तयारी. हेलसिंकीला जायला पैका न्हाय. लोकांनी वर्गणी काढली, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या खर्डेकर प्राचार्यांनी तर घर गहाण टाकून सात हजार दिलं. १९५२ ला कांस्य. स्वतंत्र भारताचं पयलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कराडपास्नं मिरवणूक, १५१ बैलगाड्या! माझं आजोबा त्यात व्हतं, बैल आमचं.

नास्तिक_नाना (कराड)
विसरलो नाही हो. पण पुढचंही सांगा की. पोलिसात नोकरी, पेन्शनसाठी खेटे, १९८४ ला अपघातात गेले, आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो गेल्यानंतर कितीतरी वर्षांनी. चिकाटीचं फळ मिळतंच असं पोरांना सांगताना आपण ही पानं उलटतो, पोतेराव.

तांबडी_माती
फळ कोन म्हनतंय! तो गडी कुस्ती खेळला कारन त्याला कुस्ती आवडायची. पदकाच्या आधीबी खेळत व्हता, नंतरबी.

भडंग
१५१ गाड्यांपैकी निदान दीडशेंचे बैल या संस्थळावरच्या सदस्यांच्या आजोबांचे होते, असं दिसतंय.

सतारीची_तार (मिरज)
मुक्ताताई, थोडं वेगळं सांगतो. माझी अम्मी कमरेतून पडली होती. औषध चालू होतं, पण बोलणं बंद. शेवटी आम्ही दर गुरुवारी रिक्षानं मीरासाहेबांच्या दर्ग्याला न्यायला लागलो, पायरीपर्यंतच, पुढं जमायचं नाही. दुवा काय मागायची ते कधी सांगितलं नाही. पण गुरुवार आला की केस विंचरायची, धुतलेली ओढणी काढायची. गुरुवारसाठी बुधवारी अंघोळ. हळूहळू आठवड्याला आकार आला. मला त्यातलं एवढंच कळलं.

मिरजेत सांगतात, की अब्दुल करीम खाँसाहेब प्लेगच्या दुखण्यातून उठले ते याच दर्ग्यात गाऊन. नाना हसतील, हसू देत. पण खाँसाहेब मिरजेचे झाले, दर वर्षी उरुसाला त्यांची हजेरी असायची, आणि १९३७ ला गेल्यावर दफनही इथंच झालं. दुखण्यातून उठलेला माणूस आयुष्यभर त्या जागेचं देणं फेडत राहिला, ही गोष्ट मला चमत्कारापेक्षा मोठी वाटते.

नास्तिक_नाना (कराड)
हसत नाही. गुरुवारसाठी बुधवारी अंघोळ हे मला पटलं. त्यात देव असो नसो.

कंदीपेढा
बघा, नानासुद्धा मऊ पडले! समर्थांची कृपा. तसं छत्रपतींनीसुद्धा समर्थांकडूनच...

प्रशासक
कंदीपेढा, तो वाद याच संस्थळावर वेगळ्या धाग्यावर चालू आहे आणि अजून संपायचा आहे. इथे नको. पुढचे तीन प्रतिसाद काढून टाकले आहेत.

कृष्णाकाठची_लेक
ताई, झटक्याचा विषय आहे आणि अजून जोतीरावांचं नाव कुणी घेतलं नाही याचं नवल वाटतंय. मूळ गाव कटगुण, खटाव तालुका, म्हणजे आपल्याच जिल्ह्याचे. १८८८ मध्ये त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. उजव्या हातानं आयुष्यभर लिहिलेला माणूस. मग डाव्या हातानं लिहायला बसले, आणि 'सार्वजनिक सत्यधर्म' त्या हातानं लिहून काढलं. पुस्तक छापून आलं १८९१ ला, ते गेले त्याच्या आदल्या नोव्हेंबरात.

आणि सावित्रीबाई! नायगाव, खंडाळा तालुका. शाळेत जाताना शेण अंगावर घेतलं हे सगळे सांगतात. नवऱ्याच्या आजारपणात घर कसं चाललं असेल हे कुणी सांगत नाही. १८९७ च्या प्लेगात आजारी पोराला पाठीवर घेऊन दवाखान्यात नेलं आणि त्यातच स्वतः गेल्या.

नास्तिक_नाना (कराड)
वा! हे खरं उदाहरण. देवाधर्माचा आधार न घेता, निव्वळ विचारावर उभा राहिलेला माणूस.

कृष्णाकाठची_लेक
नाना, थांबा. पुस्तकाच्या नावातच सत्यधर्म आहे. जोतीराव निर्मिक, म्हणजे जग निर्माण करणारा, मानायचे. मधला दलाल त्यांना नको होता, निर्मिक हवा होता. त्यांना तुमच्या पंगतीत बसवू नका.

भडंग
नानांची विकेट. पायचीत.

नास्तिक_नाना (कराड)
अपील मान्य. पण निर्मिकानं हात बरा केला नाही, हेही नोंदवा. डावा हात त्यांनीच वळवला.

लोणंदची_पायवाट
मग समर्थ तरी वेगळं काय म्हणतात? यत्नालाच देव म्हटलंय त्यांनी.

जुनी_परिचारिका
मिरजेत आयुष्य काढलं, म्हणून दोन ओळी. वॉनलेस साहेब कॅनडातून आलेले मिशनरी डॉक्टर, १८९४ ला मिरजेत दवाखाना उभा केला आणि थेट १९२८ पर्यंत इथंच राहिले. त्यांची श्रद्धा ख्रिस्तावर, पेशंट सगळ्या जातीधर्मांचे. आमच्या वेळच्या वयस्कर सिस्टर म्हणायच्या, प्रार्थना कर, पण हात धुऊन ये. उभारी देणाऱ्याला हेच लागू.

आणि मुक्ता, तू सगळ्यांचं लिहिलंस. तुझं काय? तू जेवतेस का वेळेवर? रात्री कोण उठतं?

मुक्ता_शाहूपुरी
सिस्टर, हा प्रश्न मला पहिल्यांदाच कुणी विचारला. रात्री मीच उठते. आईचे गुडघे गेलेत. भाऊ पुण्याला, शनिवारी येतो आणि सोमवारी पहाटे जातो. जेवण उभ्यानं होतं.

कृष्णाकाठची_लेक
मग तुझ्यासाठी लक्ष्मीबाई, कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी. साताऱ्यात राहून कर्मवीरांच्या गोष्टी ऐकतच मोठी झाली असशील. १९१९ ला काले गावात 'रयत' शिक्षण संस्था, १९२४ ला साताऱ्याला बोर्डिंग, १९२७ ला गांधीजी येऊन गेले. या सगळ्या सनावळ्यांमागे चुलीपुढे एक बाई होती. कर्मठ जैन घरातली, सोवळ्याओवळ्यात वाढलेली, आणि सगळ्या जातींच्या पोरांना एका पंगतीत वाढत होती. दाणे संपले की अंगावरचा एकेक दागिना गेला, शेवटी मंगळसूत्रही. १९३० ला गेल्या. 'रयत'चा पुढचा वटवृक्ष त्यांनी पाहिलाच नाही.

पण मंगळसूत्राची गोष्ट तू आदर्श म्हणून घेऊ नकोस. मी मुद्दाम सांगतेय. आपण बायांच्या झिजण्याला त्याग म्हणतो आणि मोकळे होतो. लक्ष्मीबाईंना मदतीला कुणी असतं तर त्या आणखी जगल्या असत्या का, असं माझ्या मनात नेहमी येतं. भावाला सांग, शनिवार-रविवारच्या रात्री त्याच्या. तू दार लावून झोप.

चालतेव्हा
याला माझे शंभर गुण. काळजी घेणारं माणूस पडलं की पेशंटची सुधारणा आधी थांबते, हे रोज बघते.

हळदीचं_पोतं
भावाला आमच्या पेठेत पाठवा, आम्ही समजावतो.

मुक्ता_शाहूपुरी
मंडळी, उशिरा आले, माफ करा. डॉक्टरांनी गोळी सुरू केलीय, परिणाम दिसायला काही आठवडे लागतील म्हणाले. भावाशी बोलले. आधी चिडला, मग शनिवारी रात्री स्वतः उठला. रविवारी सकाळी मला म्हणतो, "रोज असंच असतं?" मी काही बोलले नाही.

आता खरी गंमत. परवा बाबांच्या शेजारी बसून हा धागा मोठ्यानं वाचला. उपदेश म्हणून नव्हे, 'बघा लोक काय काय लिहितात' म्हणून. महाराजांचं आलं, काही नाही. खाशाबांचं आलं, काही नाही. कंदीपेढा यांचा अकरा मारुतींचा प्रतिसाद वाचला आणि बाबांनी डोळे उघडले. "चूक." मी म्हटलं, काय चूक? तर अडखळत, थांबत थांबत, पण एकेक करून सांगितलं. सातारा जिल्ह्यात सात: चाफळचे दोन, माजगाव, उंब्रज, मसूर, शहापूर, शिंगणवाडी. सांगलीत दोन: बहे आणि शिराळा. कोल्हापूरकडे दोन: मनपाडळे आणि पारगाव. शेवटचं नाव सांगताना दमले, पण सांगितलं. झटका आल्यापासून एवढं सलग बोलले नव्हते.

मग म्हणाले, "हे असलं चुकीचं लोक वाचतात?"

भडंग
कंदीपेढा, तुमची चूक राष्ट्रीय ठेवा म्हणून जपली पाहिजे.

कंदीपेढा
सर, तुमच्यासाठी आणखी चुकायला तयार आहे. पानिपत चौदाव्या शतकात झालं.

चालतेव्हा
मुक्ताताई, हेच ते काम! त्यांना धागा तपासायला द्या. मोबाइल डाव्या हातात द्या, आणि उजव्या हाताला टेबलावर ठेवून कागद धरायचं काम द्या. कागद सरकू न देणं एवढंच. माझ्या सहकारी येत असतील त्यांना विचारून करा.

मुक्ता_शाहूपुरी
सुरू केलंय. कागद सरकतो, बाबा शिव्या घालतात, मी परत लावते.

शेजारच्या काकांना काल त्यांनी स्वतः हाक मारली आणि अजिंक्यताऱ्याचा वेढा ऐकवला. डिसेंबर १६९९ ते एप्रिल १७००, औरंगजेब स्वतः साताऱ्यात तळ ठोकून. सुरुंग उडाला, किल्लेदार प्रयागजी प्रभू ढिगाऱ्याखाली गाडले गेले आणि जिवंत निघाले. मोगलांचा दुसरा सुरुंग त्यांच्याच माणसांवर कोसळला. तरी शेवटी किल्ला गेला, राजाराम महाराजांच्या निधनानंतर. नाव बदलून आझमतारा झालं. काका म्हणाले, "मग यात शिकायचं काय, किल्ला तर गेलाच की." बाबा म्हणाले, "ताराराणींनी परत घेतला. पण पुढच्या तासाला." आणि काकांना चहा न देता घालवलं.

हरिपाठ अजून सुरू नाही. आई लोणंदच्या ताईंच्या सासूबाईंसारखी दारात बसते. बाबा ऐकतात की नाही कळत नाही. चरणं गाळून बघितली, काही ओरड आली नाही.

लोणंदची_पायवाट
येईल किंवा नाही येणार. आईला मात्र म्हणू दे, तिच्यासाठी.

नास्तिक_नाना (कराड)
सरांना माझा नमस्कार सांगा आणि एक प्रश्न विचारा. सार्वजनिक धर्म डाव्या हातानं लिहिणाऱ्या जोतीरावांना ते आस्तिकांत धरतात की माझ्यात? लेकीनं मला पायचीत दिलंय, मला तिसरा पंच हवाय.

मुक्ता_शाहूपुरी
बाबांचं उत्तर, त्यांच्याच शब्दांत: "प्रश्नच चुकीचा मांडलाय. पुस्तकाचं नाव नीट लिहा, मग विचारा."

नाना, तुम्ही 'सत्य' गाळलंय.

सतारीची_तार (मिरज)
नाना घरी जा आता.

तांबडी_माती
सर बरं झालं की बह्याला या. कृष्णेच्या पात्रातलं बेट हाय, पावसाळ्यात पानी चढतंय म्हनून दिवाळी झाल्यावरच या. गाडीतनं उतरून पुढं खुर्ची न्यायची वेळ आली तर आमी चार पोरं हाय. फकस्त आदल्या दिशी सांगा.

मुक्ता_शाहूपुरी
सांगते दादा. बाबा विचारतायत, तुमच्यापैकी इतिहासात किती पास आहेत.